शनिवारी लांब, रविवारी पुन्हा: समुद्रात लांब पल्ला पोहणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा सामूहिक सराव

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटर असोत किंवा इंग्लिश खाडी, लांब पल्ल्याच्या तयारीतले बरेचसे किलोमीटर पोहण्याच्या टँकमध्येच कापले जातात आणि त्यात गैर काही नाही. दम, स्ट्रोक, वेग हे सगळं तिथेच घडतं. पण भिंतीला पाय लावून वळायची सवय झालेल्या माणसाला समुद्रात तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. आदल्या दिवशी दमलेल्या खांद्यांनी पुन्हा पाण्यात उतरणं, लाटेवर तरंगत पोटात काहीतरी ढकलणं, आणि होडीतली माणसं सांगतील ते निमूटपणे ऐकणं. एकट्याने समुद्रावर जाऊन यातली एकही गोष्ट सुरक्षितपणे शिकता येत नाही. त्यासाठी गट लागतो आणि सलग दोन दिवस लागतात.

इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी हेच चालत आलं आहे. फ्रेडा स्ट्रीटर यांनी तिथल्या किनाऱ्यावर उभं राहून कित्येक वर्षं विनामूल्य इंग्लिश खाडीचे उमेदवार घडवले. त्यांची मुलगी ॲलिसन हिने ती खाडी ४३ वेळा पोहून पार केली. त्या पद्धतीचा गाभा साधा आहे. शनिवारी काही तास पोहायचं, रविवारी त्याच थकव्यावर पुन्हा पोहायचं, आणि कोण कधी उतरलं, कधी खाल्लं, कधी बाहेर आलं हे किनाऱ्यावरची ठरलेली माणसं लिहून ठेवणार.

आपल्याकडे हे कसं बसवायचं ते मालवणचा चिवला बीच समोर ठेवून सांगतो. दर डिसेंबरात तिथे राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यामुळे गावाला पोहणाऱ्यांची सवय आहे, होड्या मिळतात आणि किनाऱ्याला खडकांचा थोडा आडोसाही आहे. हीच आखणी तारकर्ली, अलिबाग किंवा गोव्यातल्या एखाद्या शांत किनाऱ्यावरही चालेल. भरतीचा आणि खडकांचा हिशेब मात्र त्या त्या जागी नव्याने करावा लागेल. एक गोष्ट आधीच सांगतो: कोकणचं पाणी हिवाळ्यातही कोमटच असतं. इंग्लिश खाडीच्या पात्रतेसाठी १६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. तो थंडीचा सराव इथे होणार नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. बाकी सगळं इथे होतं.

तारीख पंचांगातून काढा

आधी राहण्याची जागा ठरवायची आणि मग भरती-ओहोटी बघायची, असं बरेच गट करतात. हे उलटं करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्यामुळे ओढही जास्त असते. अष्टमीच्या पुढे भांग लागतो, तेव्हा चढ-उतार कमी. उधाणाचा जोर जसा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, तसाच भांगही अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी नीट लागतो. म्हणून शनिवारी नवमी, दशमी किंवा एकादशी येईल असा आठवडा शोधायचा.

आता वेळ. कोकणातला जुना हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी भरलेलं आणि दुपारी दीडच्या आसपास ओहोटी. सकाळी पावणेसातला पाण्यात उतरलात आणि पावणेअकराला बाहेर आलात तर सगळा वेळ खडक पाण्याखाली खोल राहतात आणि पाणी जवळजवळ थांबलेलं असण्याचा काळही त्यातच येतो. रविवारी हेच सगळं साधारण पाऊण तास पुढे सरकतं. हा ढोबळ अंदाज आहे. किनाऱ्यावर दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी होते, त्यामुळे मालवणची वेळ मुंबईच्या आधी येते. नेमका आकडा जवळच्या बंदराच्या तक्त्यातून घ्यायचा आणि वर तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या जाणत्याला, विचारायचं. तक्ता आणि तांडेल यांच्यात फरक पडला तर मी तांडेलाचं ऐकतो, कारण तक्ता वारा धरून चालत नाही.

शुक्ल पक्ष की कृष्ण? रविवारी पहाटे अंधारात उतरायचा बेत असेल तर कृष्ण पक्षातली दशमी-एकादशी घ्या. मध्यरात्रीनंतर चंद्र उगवतो आणि पहाटे पाण्यावर थोडा तरी उजेड असतो.

वाऱ्याचं गणितही सकाळच्याच बाजूने आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि काठाजवळचं पाणी गुळगुळीत ठेवतो. उन्हं चढली की खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाण्यावर तरंगणारे खुणेचे बोयाच दिसू नयेत इतकी खळबळ होते. मतलई वाऱ्याचा एक धोका लक्षात ठेवा: तो तरंगणारी प्रत्येक वस्तू खोल पाण्याकडे ढकलतो. सुटलेली कयाक (वल्ह्याची छोटी होडी) किंवा दमलेला माणूस पाणी शांत दिसत असतानाच दूर जातो.

हंगाम डिसेंबर ते मार्च. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा बघा. दूर समुद्रात वादळ झालं असलं तर इथे पान हलत नसतानाही लांबून फुगवट्याच्या लाटा येऊन आपटतात. उंच लाटांचा इशारा असेल तर पाण्यातला कार्यक्रम रद्द. भाडं बुडालं तरी रद्द.

कोण पोहणार आणि कोण काठावर

अशा दोन दिवसांचा दर्जा काठावरची माणसं ठरवतात. बारा पोहणारे असतील तर माझ्या हिशेबाने आठ जण पाण्याबाहेर हवेत: यांत्रिक होडीत तांडेल आणि एक सहायक, तीन कयाकवर तिघं, आणि वाळूवर तिघं. वाळूवरच्यांपैकी एक मोजणारा, एक फीड, म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यातच खाणं-पिणं, देणारा, एक प्रथमोपचार बघणारा. ही संख्या ऐकून संयोजक कुरकुरतात. पण उद्या धरमतरच्या रात्री ज्यांना होडीत बसायचं आहे ती माणसं, म्हणजे नवरा, बायको, आई, भाऊ, टँकवरचे मित्र, यांना हे काम शिकायला दुसरी जागा नाही. त्यांना इथेच आणा आणि पाहुणे म्हणून बसवू नका.

पोहणाऱ्यांची निवड मोकळेपणाने करा. गेल्या महिन्यात टँकमध्ये ३ किलोमीटर न थांबता पोहलेला नसेल तर त्याला या शिबिरात घेऊ नये, तो कितीही उत्साही असला तरी. शनिवारी चार तासांच्या गटात यायचं असेल तर अलीकडे कधीतरी अडीच-तीन तास सलग पोहून झालेलं हवं. बाकीच्यांचा दोन तासांचा गट करा. हृदयविकार, फिट येणं, दमा, मधुमेह, गोळ्या-औषधं यांची माहिती आधीच लेखी घ्या आणि ती प्रथमोपचार बघणाऱ्याच्या हातात द्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक किंवा प्रशिक्षक हजर हवाच.

गट वेगाप्रमाणे पाडा, वयाप्रमाणे किंवा मैत्रीप्रमाणे पाडू नका. शंभर मीटरला पावणेदोन मिनिटं घेणारा आणि सव्वादोन मिनिटं घेणारा एकत्र सोडलात तर तासाभरात दोघांमध्ये साडेसातशे मीटरचं अंतर पडतं, मग एका कयाकने कोणाजवळ राहायचं? चार-चारांचे तीन गट, प्रत्येकाला टोपीचा वेगळा भडक रंग आणि प्रत्येक गटाला एक कयाक. गटात जोड्या लावा. जोडीदार कुठे आहे हे दर काही मिनिटांनी बघणं हा सरावाचाच भाग.

परवानगीचं काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, नगरपरिषदेशी बोला, आणि त्या किनाऱ्यावर जाळी लावणाऱ्या मच्छीमारांना आवर्जून भेटा. रात्री लावलेलं जाळं कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे ये-जा करणाऱ्या होड्यांच्या वाटेपासून आखणी लांब ठेवा. पर्यटकांच्या जलक्रीडेच्या बोटी कुठून कुठे पळतात तेही विचारून घ्या. फोनमध्ये तीन क्रमांक असू द्या: आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४. जवळच्या रुग्णालयापर्यंत एकदा गाडी चालवून बघा, नकाशावरचा वेळ आणि बाजाराच्या गर्दीतला वेळ वेगळा असतो.

शुक्रवार: ओहोटीला किनारा बघा

रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून सकाळी मालवण गाठलं की दुपारच्या ओहोटीआधी हातात वेळ राहतो. हा वेळ झोपण्यात घालवू नका. ओहोटीला सगळ्यांनी किनाऱ्यावर चालत जायचं आणि उद्या ज्या पाण्यावरून पोहायचं आहे त्याच्या तळाशी काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. कुठे खडक वर आलेत, कुठे वाळू सपाट आहे, पाण्यातून बाहेर यायला कोणती जागा बरी. पायरी चुकून कालवांच्या धारेवर पाय पडला तर तळवा असा फाटतो की दोन्ही दिवस वाया जातात.

मग आखणी करा. किनाऱ्याला समांतर, साधारण चारशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा आयत, चार कोपऱ्यांना चार मोठे केशरी बोया. एक फेरी एक किलोमीटरची होते आणि प्रत्येक फेरीला पोहणारा मोजणाऱ्याच्या समोरून जातो. चार तास खुल्या समुद्रात सरळ रेषेत पोहण्यापेक्षा हे कंटाळवाणं वाटेल, पण सामूहिक सरावाला हेच योग्य. नांगराला चांगलं वजन द्या आणि दोरी भरतीच्या खोलीपेक्षा लांब ठेवा, नाहीतर पाणी चढलं की बोया नांगर उचलून चालू लागतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धा तास पाण्यात उतरा, काठाजवळ. खारा वारा अजून असतो, लाट तोंडावर येते. एका बाजूने श्वास घेणाऱ्याला इथे दुसरी बाजू किती गरजेची आहे हे कोणी न सांगता कळतं. मान उचलून पुढे बघायचा सरावही याच वेळी. डोळे मगरीसारखे पाण्याच्या जरा वर, हनुवटी पाण्यातच, बघितलं की लगेच बाजूला श्वास. आठ-दहा स्ट्रोकला एकदा पुरे. मान जास्त उचलली की कंबर बुडते आणि दोन तासांनी पाठ बोलू लागते.

रात्री जेवणाआधी बैठक. इशारे ठरवा: एक हात वर करून हलवला म्हणजे मदत हवी, मुठीने टोपीवर थाप म्हणजे ठीक आहे. एक लांब शिट्टी म्हणजे पोहणं थांबवून काठाकडे बघा, तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी बाहेर. आणि सर्वांत महत्त्वाचं, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा: बाहेर काढण्याचा निर्णय काठावरचा माणूस घेईल आणि त्यावर पाण्यातून वाद घालायचा नाही.

शनिवार

पाचला उठा. उतरण्याआधी दीड-दोन तास हलकं खाणं: घावणे, केळं, चहा. नवा पदार्थ आज खायचा नाही, शेजारच्या ताटात कितीही छान दिसला तरी.

सव्वासहाला वाळूवर. व्हॅसलीन लावायचं काम पोहणाऱ्याने स्वतः करू नये. बोटांना लागलेला चिकटपणा गॉगलच्या काचेवर गेला की समुद्राच्या पाण्याने तो निघत नाही आणि पुढचे चार तास धुक्यात जातात. सहायकाने रबरी हातमोजा चढवावा, चांगला लाडवाएवढा गोळा घ्यावा आणि मानेच्या मागच्या बाजूला, काखेत, दंड छातीला घासतो तिथे, कॉश्च्युमच्या पट्ट्यांखाली, मांड्यांच्या आत आणि पुरुषांच्या दाढीच्या खुंटांवर, कारण ती खांद्याला घासते, जाड थर द्यावा. त्याआधी खांद्यांना आणि पाठीला झिंकचं सनस्क्रीन. ओशट कातडीवर ते बसत नाही, म्हणून क्रम बदलू नका. कंबरेला टो फ्लोट, म्हणजे दोरीने मागे तरंगत येणारा भडक रंगाचा फुगा, सगळ्यांनी बांधायचा, अनुभवी असोत वा नसोत.

आता मोजणी. एक फळी घ्या, तिला दोन ओळींत खिळे: वरची ओळ ‘वाळूवर’, खालची ‘पाण्यात’. प्रत्येकाचा क्रमांक लिहिलेला बिल्ला. उतरताना आपला बिल्ला स्वतःच्या हाताने खाली टांगायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने वर. लघवीला दोन मिनिटं बाहेर आलात तरीही. शिवाय मोजणारा दर फेरीला क्रमांक आणि वेळ वहीत लिहितो. त्या माणसाला दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. फोटो काढायला सांगायचं नाही, चहा आणायला पाठवायचं नाही, आणि दर तासाला माणूस बदलायचा, कारण लाटांकडे एकटक बघून नजर सुन्न होते.

हे इतकं ताणून का सांगतो? ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे १० किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. पाणी तापलेलं होतं आणि तो शर्यत पुरी करून आलेला नाही हे त्याच्या सोबत्यांच्या लक्षात आलं ते शर्यत संपल्यावर. तो जागतिक दर्जाचा पोहणारा होता. त्यानंतर जागतिक संघटनेने शर्यतीसाठी पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा ३१ अंश केली. आपल्या शिबिरालाही ती मर्यादा लावा. दहा मिनिटांनी एकदा थर्मामीटर पाण्यात सोडायला कष्ट पडत नाहीत. डिसेंबरात प्रश्न येणार नाही, मार्चच्या शेवटी येऊ शकतो.

पहिली फेरी सगळ्यांनी सावकाश करायची. घाई करणारे ओळखू येतात. त्यांना पहिल्या तासाच्या शेवटी मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते मोजून सांगा. साठ ते सत्तर हा बऱ्याच जणांचा आकडा असतो, पण आकडा कोणता याला फार महत्त्व नाही. तो टिकतो का हे बघायचं. मोजणाऱ्याच्या वहीत दर अर्ध्या तासाला प्रत्येकाचा स्ट्रोक रेट लिहिला गेला पाहिजे. अधिकृत मोहिमांत निरीक्षक याच नोंदी ठेवतो.

फीड: शिबिराचा जीव इथे आहे

लांब पल्ल्यात खांदे उतरण्याआधी पोट उतरतं. माझ्या पाहण्यात मोहिमा अर्धवट सुटण्याचं मोठं कारण उलट्या हेच. म्हणून फीडला पोहण्याइतकाच सराव द्या.

सुरुवातीची योजना अशी: पहिल्या तासानंतर पहिलं फीड, मग दर अर्ध्या तासाला. दर वेळी २५० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पटकन पचणाऱ्या कर्बोदकांची पावडर) आणि चिमटीभर मीठ. म्हणजे तासाला अर्धा लिटर पाणी आणि ६० ग्रॅम कर्बोदकं. बहुतेकांच्या पोटाला एवढं झेपतं. याहून वर जायचं असेल तर ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज लागतं आणि आतड्याला महिनोन्‌महिने सवय करावी लागते, ते या दोन दिवसांत सुरू करू नका. उकाडा असेल तर द्रव वाढवा, पण नुसतं पाणी पीत राहू नका. मिठाशिवाय फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम घटतं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो.

पावडर नको असलेल्यांसाठी कोकणातली पेज उत्तम आहे. उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ जरा चढं, गाळून थर्मासमध्ये कोमट ठेवलेली. तोंड खारटाने सोललेलं असताना ती जशी घशाखाली उतरते तसं दुसरं काही उतरत नाही. पावडरीइतकी ऊर्जा त्यात नसते, म्हणून दोन पावडरींच्या फीडमध्ये एक पेज असं धरा. पिकलेल्या केळ्याचे पेराएवढे तुकडे चालतात. चिक्की, शेंगदाणे, सुका मेवा पाण्यात नको. चावताना लाट आली की ठसका लागतो. सोलकढी आणि कोकम सरबत किनाऱ्यावर परत आल्यावर प्या, आंबट पोटाने पोहणं वाईट. दर दोन तासांनी पाण्यात मिसळलेल्या माउथवॉशने चूळ भरली तर जीभ कमी सुजते.

देण्याची पद्धत. रुंद तोंडाची अर्ध्या लिटरची बाटली, गळ्याला दोरी पक्की बांधलेली, दोरीचं दुसरं टोक लाकडी रिळावर. झाकण देणाऱ्याने आधीच सैल करून ठेवायचं, आणि झाकणालाही सुतळीने बाटलीशी बांधायचं, नाहीतर पहिल्याच फीडला ते समुद्रात जातं. फीडच्या पाच मिनिटं आधी पाटी दाखवा. वेळ झाली की पोहणाऱ्याच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर बाटली पाण्यात सोडा, डोक्यावर फेकू नका. पोहणारा उताणा होतो, पाय चालू ठेवतो, दोरी सैल ठेवून पितो, बाटली सोडतो, वळतो आणि निघतो. तीस ते साठ सेकंद. कयाकला किंवा होडीला हात लावायचा नाही. इंग्लिश खाडीच्या नियमांत होडीचा आधार घेतला की मोहीम तिथेच बाद, त्यामुळे हात आवरायची सवय आजपासूनच. गप्पा मारायच्या नाहीत. सहायकाने एकच वाक्य बोलावं आणि ते कामाचं असावं: “साठ पडताहेत, छान, डावीकडे सरकतोयस.” किती उरलं हे सांगायचं नाही.

पहिली दोन फीड कमरेइतक्या पाण्यात, पण पाय न टेकता घ्या. तिथे जमलं की पुढची कयाकवरून. कोणी किती प्यायलं, किती सांडलं, उलटी झाली का, लघवी होते का, हे सगळं वहीत. लघवीचा प्रश्न विचारायला सहायक लाजतात. लाजू नका. तीन-चार तासांत झालीच नसेल तर पाणी कमी पडतंय.

दुपार

बाहेर आल्यावर आधी बिल्ला, मग टॉवेल, मग खाणं. अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलं पाहिजे. गोड पाण्याने अंघोळ, घासलेल्या जागांना मलम, कान कोरडे. जेवणात भात पोटभर, मासे ताजे आणि कमी तिखट. मग दोन तास झोप, फोन बाजूला ठेवून. दुपारी किल्ला बघायला जायची टूम निघतेच. ती नाही म्हणून सांगा, उन्हात तीन तास चालून रविवारचं पोहणं हातचं जातं.

संध्याकाळी वही उघडा आणि एकेकाची नोंद वाचा. ज्याचा स्ट्रोक रेट तिसऱ्या तासात सहा-आठने घसरला, त्याने पहिल्या तासात काय केलं होतं? ज्याला मळमळलं, त्याच्या बाटलीत पावडर किती होती? इथे कौतुक आणि टोमणे दोन्ही आवरा, आकडे बोलू द्या. खांद्याची तपासणी करा: थकवा दोन्ही बाजूंना सारखा आणि बोथट असतो. एका जागी बोट ठेवून दाखवता येणारी, हात वर नेताना कळ मारणारी वेदना असेल तर तो रविवारी पाण्यात उतरत नाही, होडीत बसतो.

रविवार

लोक या दिवसाला शनिवारची शेपटी समजतात. माझ्या मते शनिवार घ्यायचा तो रविवारसाठी. इंग्लिश खाडीत दहाव्या तासाला शरीर जसं वागतं त्याची थोडी ओळख घरच्या पाण्यात करून घ्यायची तर आदल्या दिवसाच्या थकव्यावरच पोहावं लागतं.

चार तासांच्या गटाला आज तीन तास, दोनवाल्यांना दीड. अनुभवी गटाने साडेपाचला अंधारात उतरायचं, तेही काठाजवळच्या छोट्या फेरीत आणि कयाक लगटून. टोपीच्या मागे आणि कॉश्च्युमच्या पाठीवर एकेक हिरवी ग्लो स्टिक (अंधारात चमकणारी नळी), बोयांवर दिवे. धरमतर किंवा इंग्लिश खाडी, रात्रीचे काही तास वाट्याला येतातच, आणि काळ्या पाण्यात पहिल्यांदा चेहरा घालताना छातीत जे होतं ते आधी एकदा होऊन गेलेलं बरं. यांत्रिक होडी उजाडेपर्यंत आखणीच्या बाहेर राहील.

पहिली चाळीस मिनिटं वाईट जातात. खांदे गंजल्यासारखे वाटतात, घासलेल्या जागा मिठाने पेटतात, बाहेर यायची कारणं मनात रांगेने उभी राहतात. म्हणून एक नियम ठेवा: पहिल्या फीडआधी कंटाळ्याने बाहेर यायचं नाही. श्वास, छाती, कळ मारणारा खांदा किंवा चक्कर असेल तर हा नियम लागू नाही, तेव्हा लगेच हात वर. बाकी सगळ्यांनी पहिल्या बाटलीपर्यंत जायचं. बहुतेकांचे खांदे तोवर मोकळे होतात आणि स्ट्रोक कालच्या आकड्यावर परत येतो.

आज फीड होडीवरून. तांडेलाशी आधी बोलून घ्या: पोहणारा जवळ आला की इंजिन न्यूट्रल, पंखा थांबल्याशिवाय बाटली टाकायची नाही. धूर पोहणाऱ्याच्या तोंडावर जाणार नाही अशी वाऱ्याची बाजू धरायची. पोहताना होडी पोहणाऱ्याच्या श्वासाच्या बाजूला, आठ-दहा मीटरवर, त्याच्या खांद्याच्या रेषेत. पुढे गेली तर तो मान उचलत राहतो, मागे राहिली तर घाबरतो. दीड तासाचा गट बाहेर आला की त्यातल्यांना पाळीपाळीने होडीत पाठवा. समोरच्याचे स्ट्रोक मोजणं, बाटली भरणं, पाटी धरणं हे एकदा हाताने केलं की पुढच्या वेळी पाण्यातून होडीवर ओरडणं आपोआप थांबतं.

कधी बाहेर काढायचं

स्ट्रोक रेट झपाट्याने पडला, हात वाकडे पडू लागले, बोयाकडे जाताना रेषा भरकटली, उत्तरं उशिरा किंवा असंबद्ध येऊ लागली, की बाहेर. फीडच्या वेळी साधा प्रश्न विचारा: हे कितवं फीड? अडखळला तर पुन्हा विचारा, दुसऱ्यांदा अडखळला तर काढा. कोमट पाण्यातही तीन-चार तासांनी सडपातळ माणूस गारठू शकतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उलट तापून कोसळू शकतो.

पोहताना अचानक धाप, सततचा खोकला, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही लक्षणं दिसली तर पाणी प्यायला असेल म्हणून सोडून देऊ नका. पोहताना फुप्फुसांत पाणी साठण्याचा तो प्रकार असू शकतो. माणूस बाहेर, बसवून ठेवा, ऑक्सिजन आणि रुग्णालय. बुडालेल्या, श्वास थांबलेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात, नुसतं छाती दाबून भागत नाही. हे काठावरच्या तिघांनाही येत असलं पाहिजे, आणि ते शिकायचं प्रशिक्षण घेऊन, लेख वाचून नाही.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा. अंगभर गांधी, ओठ सुजणं किंवा श्वासाला त्रास असेल तर थेट रुग्णालय. पाकट वाळूत पुरून बसतो, त्यामुळे उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. त्याचा काटा लागला तरीही गरम पाणी, आणि डॉक्टर हवाच.

परतताना

साडेनऊपर्यंत सगळे बिल्ले वर. बोया आणि नांगर काढून घ्या, दोरीचे तुकडे, बाटल्या, व्हॅसलीनचे हातमोजे वेचा. त्या किनाऱ्यावर लोकांचं पोट आहे. तांडेलाचे पैसे तिथेच, हातात. दोन दिवस पोहलेल्याने त्याच रात्री घाट चढत गाडी चालवू नये. रेल्वे घ्या, नाहीतर न पोहलेल्याला चालवायला बसवा.

सोमवार पूर्ण विश्रांती. मंगळवारी टँकमध्ये सैल हाताने हजार-दीड हजार मीटर, घड्याळ न बघता. रात्री कुशीवर झोपताना खांदा जागं करत असेल तर आठवडा वाट न पाहता फिजिओला दाखवा. वहीतल्या नोंदींची प्रत प्रत्येकाला पाठवा. पंधरा दिवसांनी भांग पुन्हा शनिवारच्या आसपास येईल, तो सोडून द्या, शरीराला एवढ्यात दुसरा दणका नको. चार आठवड्यांनी येणारा अष्टमी-नवमीचा शनिवार धरा, सकाळची भरती तेव्हा तासभर आधीची असेल. शनिवारचे चार तास पाच करा आणि रविवारचे तीनच ठेवा.